पेटीतून उरलेलं लाकूड

मी देवासच्या एका लहानशा चर्चमधला क्रूस बोलतोय. सोन्याचा नाही, पितळेचाही नाही, साध्या सागाचा. उंची विचाराल, तर उभ्या माणसाच्या छातीला लागेन एवढी. लिहितावाचता मला येत नाही. जे काही येतं ते तीस वर्षं भिंतीला टेकून ऐकलेलं. पण एकदा ऐकलेलं मी विसरत नाही. तेव्हा बसा, सांगतो.

खरं म्हणजे मी क्रूस व्हायचा नव्हतोच. मला शवपेटी व्हायचं होतं.

हंबीरराव कंपाउंडर वारले तेव्हाची गोष्ट. सरदारपुराकडच्या दवाखान्यात ते नोकरीला होते, पण घर देवासचं, म्हणून माती देवासची. भाऊ सुतारानं अंगणात फळ्या मांडल्या. भाऊ रडत होता अन् कापत होता, त्यामुळे मापं चुकत होती. पेटी झाली, वर दोन तुकडे उरले. ते दोन तुकडे म्हणजे मी.

हंबीररावांची बायको सगुणाबाई उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, ते तुकडे चुलीत घालू नका. त्यांचा क्रूस करा."

"करतो वैनी. दोन खिळे मारले की झालं."

"खिळे नकोत," ती म्हणाली. "त्याला मारले तेवढे पुरे झाले."

मग भाऊनं माझ्यात खाच पाडली, एक तुकडा दुसऱ्यात बसवला, लाकडाची खुंटी ठोकली. तेव्हापासून माझ्या अंगात लोखंड नाही, अंगावर रंग नाही. सगुणाबाईनं मला चर्चला दिलं. वेदीच्या उजव्या बाजूला माझी जागा ठरली.

तिथून माणसं फार छान दिसतात. कोण डोळे मिटून प्रार्थना करतं अन् कोण डोळे मिटून झोपतं, हे पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पाद्रींना, कळत नाही, मला कळतं. जुनी माणसं मराठीत गातात, नवी पोरं हिंदीत. मराठी गीतांचं पुस्तक हातात दिलं की पोरं एकेक अक्षर अशी चाचपत जातात जशी अंधारात पायरी. सगुणाबाईला तर अक्षरओळखच नाही. पण सगळी गीतं तिला तोंडपाठ, एक कडवं चुकायचं नाही. तिच्या शेजारी तिची नात अनन्या बसते. दोघींच्या हातात एकच पुस्तक, अन् दोघीही त्यात बघत नाहीत.

एवढ्या वर्षांत सगुणाबाईनं माझ्यासमोर मागितलं पुष्कळ, पण एका गोष्टीचा तिला राग होता. सेवेसाठी कुणी गावाबाहेर निघालं, की ती तोंड फिरवायची. "देवाला माणूस द्यावं, तर देव परत पेटीत घालून देतो," असं म्हणायची. पाळकसाहेब 'पाचारण', म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, हा शब्द उच्चारायला लागले की हिचं खोकणं सुरू.

आणि यंदा पाचारण तिच्याच घरात आलं. अनन्या नर्स झाली, तिला इंदुरात नोकरी मिळत होती. पण पोरीनं सरदारपुराच्या पलीकडच्या एका फलियातल्या, म्हणजे आदिवासी वस्तीतल्या, छोट्या दवाखान्यासाठी नाव दिलं. आजोबा जिथं काम करायचे, तीच वाट. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचं.

आमच्याकडे रीत आहे. सेवेला निघणाऱ्याच्या डोक्यावर उपासनेत सगळ्यांसमोर घरातलं सर्वांत मोठं माणूस हात ठेवतं. त्याशिवाय कुणी निघत नाही. अनन्याचा बाप पीथमपुरात कारखान्यात आहे, तो म्हणाला, "आई हो म्हणत असेल तर माझी ना नाही." सगुणाबाई म्हणाली, "माझा हात उठायचा नाही."

"तर मग मी जाणार नाही," अनन्या म्हणाली. त्यावर सगुणाबाईला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमची माणसं कब्रस्तानात जातात, आपापल्या कबरी झाडतात, चुन्यानं पांढऱ्या करतात. रविवारी पहाटे तिथंच गीतं व्हायची असतात, म्हणून मलाही शनिवारीच नेऊन हंबीररावांच्या कबरीला टेकवून ठेवतात. चर्चची देखभाल करणारा जयसिंगराव हे सगळं बघतो. मनानं फार चांगला माणूस. पण हातात कुंचला आला की त्याला थांबता येत नाही. त्या दिवशी त्यानं ओळीनं सव्वीस कबरी रंगवल्या, कुंपणाचे दगड रंगवले, नळाचा ओटा रंगवला आणि त्याच झपाट्यात मलाही.

सगुणाबाई अनन्याचा हात धरून आली अन् जागच्या जागी उभी राहिली.

"काकी, बघा!" जयसिंगराव बादली घेऊन पुढे आला. "एकदम चकाचक! नीळ पण टाकली थोडी."

"अरे जयसिंग, क्रूस कुठाय?"

"हा काय समोर."

"हा क्रूस आहे? मला वाटलं मैलाचा दगड. ह्याच्यावर 'देवास चार किलोमीटर' तेवढं लिहायचं राहिलंय!"

जयसिंगराव ओशाळला. "दोन हात तर मारले काकी, शोभा येते म्हणून. म्हणता तर आत्ता धुतो."

"तू हात लावू नकोस. तुझा भरवसा नाही, तू मला पण रंगवशील. पाणी आण फक्त."

तर त्या दुपारी आजी अन् नात समोरासमोर बसल्या, मध्ये मी आडवा. नारळाची शेंडी घेऊन दोघी मला घासायला लागल्या. खाचेत चुना गेला होता, तो निघेना. हात चालू असले की माणसाचं तोंड मोकळं होतं, हे मी पाहिलंय.

"आजी, एक सांग," अनन्या म्हणाली. "देवावर तुझा एवढा राग आहे, तर दर रविवारी येतेस कशाला?"

सगुणाबाई घासत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "देवानं नेलं त्यांना, असं मी जगाला सांगत आले. खोटं आहे ते. मी पाठवलं."

अनन्याचा हात थांबला.

"त्या दिवशी ते नको म्हणत होते. अंग दुखतंय, उद्या जातो म्हणाले. आम्ही तेव्हा सरदारपुरातच राहायचो, अन् पलीकडच्या फलियात उलटी-जुलाबाची साथ होती. मीच डबा भरला. म्हटलं, अहो, तिकडच्या एका बाईचं लेकरू सकाळपासून उलट्या करतंय म्हणे. आपलं असतं तर उद्यावर टाकलं असतं का? गेले. चार दिवस तिथंच राहिले. पाचव्या दिवशी लोकांनी त्यांनाच खाटेवर घालून आणलं."

मी त्या पेटीच्या लाकडातला. एवढी वर्षं तिच्यासमोर उभा होतो, अन् हे मलाही ठाऊक नव्हतं.

"आणि ते लेकरू?" अनन्यानं हळूच विचारलं.

"विचारलंच नाही. जगलं म्हणाले असते, तर मला त्या लेकराचा राग आला असता. मेलं म्हणाले असते, तर..." तिनं शेंडी पुन्हा पाण्यात बुडवली. "आता तू जाणार, अन् पुन्हा मीच हात ठेवायचा? पुन्हा मीच पाठवायचं?"

अनन्यानं देवाचं वचन सांगितलं नाही, आजीचे डोळे पुसले नाहीत. फक्त म्हणाली, "मी तिथं गेले तर विचारीन, आजी. तू म्हणशील तरच."

"घास," सगुणाबाई म्हणाली. "तो कोपरा राहिलाय."

रविवारी पहाटे सगळे जमले. अनन्यानं माझ्यावर झेंडूची माळ घातली. पूर्वेकडे फटफटायला लागलं, तशी गीतं सुरू झाली. पाळकसाहेबांनी रिकाम्या कबरेचा धडा वाचला, बायका मसाले घेऊन पहाटे गेल्या तो. मला तो धडा फार आवडतो. त्या बायका मेलेल्या माणसाची शेवटची सेवा करायला गेल्या होत्या, अन् तिथून 'प्रभू उठला आहे' हा निरोप घेऊन पळत निघाल्या. कुणी त्यांना विचारलं नाही, तुम्हाला वाचता येतं का.

मग पाळकसाहेब म्हणाले, "आपली अनन्या सेवेला निघते आहे. घरातलं कुणी..."

अनन्या गवतावर गुडघे टेकून बसली होती. एक चिमणी माझ्या आडव्या हातावर येऊन बसली, उडून गेली. मग सगुणाबाई उठली. गुडघे धरत, जयसिंगरावाच्या खांद्याचा आधार घेत आली आणि चुन्यानं भेगाळलेला हात नातीच्या डोक्यावर ठेवला. मोठी प्रार्थना काही केली नाही.

"जा," ती म्हणाली. "वेळेवर जेव. पाणी उकळून पी. आणि विचार."

तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर अनन्याचा फोन आला. चर्च रिकामं झालं होतं, जयसिंगराव खुर्च्या रचत होता. सगुणाबाईला कमी ऐकू येतं, म्हणून त्यानं फोनचा स्पीकर लावून तिच्या हातात दिला. त्यामुळे मीही ऐकलं.

"आजी, मुलगी होती ती. केसली नाव. ती नाही वाचली, आजी."

सगुणाबाई बाकावर बसली.

"पण तिची आई आहे. ती सांगत होती, आजोबांनी दोन दिवस केसलीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. चमच्यानं पाणी पाजत होते. ती गेली, तरी ते निघाले नाहीत. बाकीची घरं बघत राहिले. त्या घरांतली माणसं वाचली. ती बाई मला विचारत होती, साहेबांची बाई आहे का अजून? म्हणाली, मी तिच्याकडे जायला पाहिजे होतं. हिंमत झाली नाही. माझ्या लेकरापायी तिचा माणूस गेला, कोणतं तोंड दाखवू?"

जयसिंगराव हातात खुर्ची घेऊन तसाच उभा होता.

"एवढी वर्षं?" सगुणाबाई म्हणाली. "ती पण?"

"हो आजी."

"तिला म्हणावं, तू कुठं जाऊ नकोस. मी येते."

मंगळवारी सकाळी ती मला भेटायला आली. हातात पिशवी, पिशवीत एक नवं लुगडं, लसणाची चटणी, गुळाच्या दशम्या. मुलानं सुट्टी काढली होती, बाहेर उभा होता. जयसिंगराव म्हणाला, "काकी, क्रूस नेता का सोबत? पीथमपूर, धार, सरदारपूर, लांबचा रस्ता आहे. मी बसमध्ये बांधून देतो."

"त्याला कशाला? केवढा जड आहे तो. अन् त्या बाईला लाकूड दाखवून काय करू? मी जाते आहे ना."

माझ्यावरून एकदा हात फिरवला, अन् गेली. शहात्तर वर्षांची बाई, अक्षरशत्रू, कधी कुणाला उपदेश न केलेली.

मला वाईट वाटलं का? छे. पहिल्या ईस्टरच्या सकाळी प्रभूचा तो क्रूससुद्धा मागेच राहिला असेल, टेकडीवर एकटा, रिकामा. ज्याला जायचं होतं तो पुढं निघून गेला होता, आपल्या माणसांना शोधत. क्रूसाचं नशीब असंच असतं, आणि ते चांगलं आहे.

तुम्ही येता, माझ्यासमोर बसता, रडता. बसा, रडा, मी कुठं जात नाही. पण फार वेळ बसू नका. तुमच्यासारखंच दुखणं घेऊन कुणीतरी दूर बसलं असेल, तोंड दाखवायला लाजत. त्याच्याकडे जा. दिवे मालवायला जयसिंगराव आहे.

बरं, सलाम.