वाघदेवाचा हार खाल्लेली शेळी

खरं तर हे लिहिणारच नव्हतो. योगेशनं वाचलं तर बोलणं बंद करेल. करू दे.

हरसूलकडच्या डोंगरात दोन गावं, मधे एकच जंगल. माथ्यावर वाघदेवाचा दगड, तीच शीव. योगेश अलीकडच्या गावच्या वन समितीचा अध्यक्ष. त्यानं चराईबंदी केली, बोर्ड ठोकला, बोर्डाला टेकून फोटो काढला, स्टेटसला टाकला. ते बघून पलीकडच्या गावानंही बंदी केली. दोन्ही गावं शब्दाला पक्की. आपल्या उतारावर एक शेळी सोडली नाही. सगळ्या शेजारच्या उतारावर सोडल्या.

वर्षात डोंगराचं टक्कल झालं. ससे गेले, आडोसा गेला, आणि बिबट्या थेट पलीकडं जयरामच्या अंगणात. कुत्रं उचललं. जयराम म्हणजे योगेशचा शाळेपासूनचा दोस्त.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला दोन्ही गावं दगडापाशी जमतात. एकानं वाघ व्हायचं, बाकीच्यांनी काठ्या घेऊन मागं लागायचं, "आमच्या शिवेत येशील का?" वाघानं "नाय येणार" म्हटलं की जेवण. यंदा वाघ जयराम.

योगेशनं हळूच काठी हाणली. "येशील का आमच्या शिवेत?"

"मी कशाला येतो? तुझ्या आयच्या शेळ्याच येत्यात माझ्या शिवेत!"

"आणि तुमच्या पुंजाबाबाच्या? आमच्याकडंच पडीक असत्यात!"

"आमच्या शेळ्या शिकलेल्या नायत," पुंजाबाबा म्हणाले. "बोर्ड वाचता येत नाय त्यांना."

तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून एक कबरी शेळी चढून आली आणि वाघदेवाचा झेंडूचा हार खायला लागली.

"आये, तुझीच ना ही?" योगेशनं आईला विचारलं.

"माझ्या शेळीसारखी दिसती खरी," लंकाबाई म्हणाली.

दोन्ही गावं खो खो हसली. जयराम हसला नाही.

"योग्या, कुत्रं गेलं. आता अंगणात माझी पोरगी खेळती."

शेळीला ढकलून योगेशनं दगडावर हात ठेवला. "जयरामची बाजू दोन वर्षं दोन्ही गावांना बंद. सगळ्यांच्या शेळ्या आमच्याकडं. मग उलट. राखण दोघांनी मिळून करायची."

"घरी भाकर मागायला येऊ नको," लंकाबाई म्हणाली. पुंजाबाबांनी मात्र गुपचूप नारळ पुढं केला.

"नक्की ना, अध्यक्ष?" जयरामनं विचारलं.

"तुझ्या उतारावर आयची एक जरी शेळी दिसली," योगेश म्हणाला, "तर पुढच्या वाघबारशीला वाघ मी. काठी तुझ्या हातात. आणि हळू मारू नको."