घाटातलं घड्याळ

गोरख डुंबरे सरांच्या गळ्यात सदान्‌कदा स्टॉपवॉच. आळे गावाजवळच्या एका वाडीतल्या शाळेत ते खेळाचे शिक्षक, पण त्यांचा खरा रुबाब बघायचा तो जत्रेत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडे सुटले की वेळ धरायला डुंबरे सरच लागायचे. निशाण पडलं की घड्याळ दाबायचं, नंबर सांगायचा आणि संध्याकाळी फेटा बांधून घ्यायचा. आता तुम्हीच सांगा, असला मान कुणाला नको असतो?

२००३ च्या एप्रिलात नारायणगावला क्रीडाशिक्षकांचं प्रशिक्षण लागलं, तेही नेमकं भर जत्रांच्या दिवसांत. सुरुवातीला सर गुमान बसले. मग खेळातल्या दुखापती आणि प्रथमोपचार हा विषय आला, आणि त्याच दिवशी शेजारच्या गावचा घाट होता. न्यायला मोटारसायकल दारात हजर. बाकावर शेजारी बसणारे रखमाजी गुरुजी म्हणाले, "जावा बिनघोर. तुमची सही माझ्याकडं लागली."

"पट्ट्या बांधायला काय शिकायचंय, राव?" म्हणत सरांनी गाडीवर टांग टाकली.

प्रमाणपत्र सगळ्यांबरोबर त्यांनाही मिळालं. मुख्याध्यापकांनी ते काचेत घालून ऑफिसात लावलं. पालकसभेत टाळ्या झाल्या. सरांना लाज वाटली नाही असं नाही, पण ती टाळ्या संपेपर्यंतच टिकली.

ऑगस्टात तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या. मुलींचा कबड्डीचा संघ भारी होता, आणि संघाचा सगळा जीव नववीतल्या वृषालीत. चढाईला गेली की कुणाला तरी बाद केल्याबिगर पोरगी माघारी यायचीच नाही. त्या दिवशी सरावात तिची पकड झाली. ती हातावर पडली आणि वरून बाकीच्या पोरी. उठली तेव्हा उजवं कोपर भलतीकडंच गेलेलं.

मुली गोळा झाल्या, शिक्षक धावले. कुणी म्हणालं, "जीप बोलवा." त्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, थांबा की! आपले सर ट्रेनिंग घेऊन आलेत."

सगळे सरांकडं बघायला लागले. 'मला येत नाही' एवढंच म्हणायचं होतं, पण ते काही तोंडातून निघेना. बैलाचा पाय लचकला की जाणती माणसं ओढून बसवतात, ते त्यांनी घाटात पाहिलं होतं. त्यांनी पोरीचं मनगट धरलं.

"रडायचं नाही हां वृषाली. आपली वाघीण ना तू?" म्हणाले, आणि दिला हिसका. काटकी मोडावी तसा आवाज झाला.

नारायणगावच्या दवाखान्यात वृषालीची आई लंकाबाई रानातून होती तशी आली. हाताला मातीसुद्धा तशीच. पोरगी आत होती. लंकाबाईनं बाकावर सरकून सरांना जागा केली.

"बसा सर, दमलाय तुमी. तुमी व्हता म्हणून बरं, न्हाईतर पोरीचं काय झालं असतं!"

सर बसले. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना झालं.

डॉक्टर ओसवाल बाहेर आले. वयानं तरणे, पण भागातल्या लोकांचा त्यांच्यावर भारी विश्वास. "हात कुणी ओढला?" त्यांनी विचारलं.

"ह्या आमच्या सरांनी," लंकाबाई कौतुकानं म्हणाली. "ट्रेनिंग झालंय त्यांचं."

डॉक्टर सरांकडं वळले. "एप्रिलातलं? अहो, तिथं मीच बोलायला होतो. निखळलेला सांधा ओढायचा नाही, आहे तसा बांधायचा आणि दवाखाना गाठायचा. पुन्हा पुन्हा सांगितलं की मी! आता हाड मोडलंय, नस दबलीय, बोटं हलेनात. पुण्याला न्यावं लागेल."

"मी... मागं बसलो होतो," सर म्हणाले. एवढं होऊनही माणूस खोटंच बोलला!

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "मग माझंच कुठंतरी कमी पडलं असणार. मागंपर्यंत आवाज पोचला नसेल."

तिथं मात्र सरांना राहवेना. डॉक्टरांनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्या परवडल्या असत्या.

"नाही, डॉक्टर. मी नव्हतोच तिथं. सही दुसऱ्यानं केली. मी त्या दिवशी शेजारच्या गावच्या घाटात घड्याळ धरून होतो."

लंकाबाई हळूच म्हणाली, "आमचा गाडा पयला आला, त्याच दिवशी?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

"फेटा आमच्या मालकांनीच बांधला व्हता तुमाला. वृषालीनं निवडला व्हता. म्हणली, सरांना गुलाबी शोभंल."

सर केव्हाचे उठून उभे राहिले होते. तिनं मांडीवरची पिशवी उचलली आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर ठेवली.

तेवढ्यात आतून वृषालीला बाहेर आणलं. तोंड पांढरंफटक पडलेलं, पण सरांना बघून हसली.

"सर, आईला सांगा ना," ती म्हणाली. "तुमी ओढलं तवाबी मी रडले नाय. सांगा ना सर."

लंकाबाई सरांकडं बघत उभी होती.