पानात बांधलेला याम

डेप्युटी गव्हर्नर म्हणजे गाडीची स्टेपनी, हे आमच्या राज्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चारही चाकं धड आहेत तोवर तिने डिकीत गप पडून राहायचं. राज्यघटनेने या खुर्चीला काम म्हणून दिलंय ते एकच. गव्हर्नर मेला, हटला किंवा आजारी पडला, तर त्याच्या जागी बसायचं. बाकी गव्हर्नर देईल ते. आणि देतो काय? तर हद्दीचे तंटे आणि मयताची भाषणं.

अबोसेदेबाईंना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. सचिवालयात त्यांच्या केबिनकडे जायच्या बोळात आधीच्या तिघा डेप्युटींचे फोटो टांगलेले होते. पहिल्याने गव्हर्नरशी भांडण काढलं. आधी त्याचा एसी बंद पडला, मग लाईट गेली, मग सोफा गेला. शेवटी बिचारा व्हरांड्यात स्टुलावर बसून सह्या करायचा. दुसरा एका बारशात दोन पेले जास्त झाल्यावर बोलून गेला की पुढचा गव्हर्नर मीच. आमदारांनी त्याला लगोलग घरी बसवला. तिसरा मात्र हुशार. तो पूर्ण मुदतभर नुसता हसला. त्याच्या नावाचा रस्ता आहे राजधानीत, तोही एकेरी वाहतुकीचा.

बाई मूळच्या मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण. बामिदेले गव्हर्नरपदाला उभे राहिले तेव्हा त्यांना जोडीच्या नावासाठी एक स्वच्छ, दरारा असलेली बाई हवी होती. बाईंच्या हाताखालून शिकून गेलेल्या मुली गावोगावी होत्या, त्यांनी मतं ओतली. एकाच तिकिटावर दोघं निवडून आले. शपथ झाली, फोटो झाला, आणि बाईंची रवानगी डिकीत झाली.

तेही बाईंनी गिळलं असतं. पण तितिलोला गिळवत नव्हती.

तितिलोला म्हणजे गव्हर्नरची बायको. बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, गणितात ठार कच्ची. तिला कोणी निवडून दिलं नव्हतं, राज्यघटनेत तिचं नावनिशाण नव्हतं, तरी तिच्या गाडीपुढे सायरन वाजायचा आणि बाईंच्या गाडीचा सायरन कायम दुरुस्तीला गेलेला. कार्यक्रमात ती गव्हर्नरच्या शेजारच्या खुर्चीत. बाई तिच्या मागे, आणि आमच्याकडच्या बायका बांधतात तो ताठ फेटा तिच्या डोक्यावर हा एवढा, की बाईंना स्टेज दिसायचंच नाही. भेटली की "बाई, कशा आहात?" म्हणून गुडघे टेकायची. कॅमेरा समोर असला की अंमळ जास्तच वेळ टेकायची. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तुला नेमकं हवंय काय?" त्यांचे यजमान विचारत. ते निवृत्त मोजणी अधिकारी, शांत माणूस, सुरणासारखा मोठा कंद असतो त्या यामचा कुटलेला गोळा आणि एगुसीच्या बियांची आमटी मिळाली की जगाशी भांडण नाही.

"मला काही नकोय, देजीचे बाबा," बाई म्हणायच्या. "फक्त तिला जे मिळतं ते तिला मिळायला नको."

या सगळ्यावर कडी केली इदोसुनच्या नव्या यामच्या सणाने. इदोसुनचा राजा लोकांशी थेट बोलत नाही, त्याच्या वतीने थोरले सरदार बोलतात. सणाला राजा नवा याम कापतो आणि पहिला तुकडा राज्याच्या धन्याला देतो. धनी स्वतः आला तर त्याला कोणी काही विचारत नाही, त्याने तिथेच खायचा. दुसरं कोणी आलं तर सरदार आधी विचारतात, पाठवलंय का, आणि पाठवलेल्याने चाखायचासुद्धा नाही. तुकडा पानात बांधून मिळतो, तो दोन्ही हातांवर धरून धन्याच्या दारी पोचवायचा. गव्हर्नर कधीच जायचे नाहीत. दरवर्षी बाई जायच्या, तो पामतेलात माखलेला पुडा मांडीवर सांभाळत गव्हर्नरच्या बंगल्यावर यायच्या, आणि दारात तितिलोला उभी असायची.

"आणलात का, बाई?" असं म्हणून ती पुडा घ्यायची आणि आत जायची. कधी 'बसा' नाही. बाईंच्या मनगटावरून तेल ओघळून भारी कापडावर डाग पडलेला असायचा. डेप्युटी गव्हर्नर नव्हे, खानावळीचा पोऱ्या!

आणि मग त्या वर्षी बामिदेले आजारी पडले. काळजाचं दुखणं. विमानाने लंडनला नेलं, आणि जाताना त्यांनी रीतसर विधानसभेला कळवलं की मी परत येईपर्यंत डेप्युटी कारभार पाहतील. बाई हंगामी गव्हर्नर झाल्या. त्या संध्याकाळी त्यांच्या गाडीचा सायरन आपोआप दुरुस्त झाला.

बाईंनी पहिली चौकशी काय केली असेल? बजेटची? छे. इदोसुनचा सण कधी आहे.

"या वर्षी तो तुकडा मी खाणार," त्यांनी घरी जाहीर केलं. "तिच्या डोळ्यांदेखत खाणार."

यजमानांचा घास हातात राहिला. "अगं, जरा कोणाला तरी विचार. माझी आई त्याच गावची. पाठवलंय म्हटलं नाही, तर ते तीनदा विचारतात. तीन वेळा स्वतः आले म्हणालीस, तर त्या गावात त्याचा अर्थ..."

"तुम्ही त्या तितिलोलाचीच बाजू घ्या!"

"अगं, तितिलोलाचा काय संबंध इथे?"

"घटनेने मी गव्हर्नर आहे. घटना मोठी की गावचे म्हातारे मोठे?"

यजमान गप्प बसले. चाळीस वर्षांच्या संसारात गप्प बसायचं कसब त्यांनी चांगलं कमावलं होतं, पण त्या दिवशी बसायला नको होतं.

सणाच्या दिवशी राजवाड्याचं अंगण खचाखच भरलेलं. बाईंसाठी पुढची खुर्ची. बसल्या बसल्या त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. तितिलोला दुसऱ्या रांगेत, बायकांत बसली होती. आज बाईंनी मुद्दाम उंच फेटा बांधला होता, वीतभर जास्तच. बघ म्हणावं आता, किती दिसतं ते.

वाडा गजबजला, बोलका ढोल घुमला, राजाने याम कापला. थोरले सरदार पुढे आले.

"पाठवलंय म्हणून आलात, की स्वतः आलात?"

"स्वतः आले."

अंगणात कुजबुज उठली. सरदारांनी राजाकडे पाहिलं, मग पुन्हा बाईंकडे. म्हातारा हळू आवाजात, समजावल्यासारखं बोलला, "पाठवलंय म्हणून आलात, की स्वतः आलात?"

"स्वतः."

आता कुजबुजही थांबली. काहीतरी चुकतंय हे बाईंना कळलं. कळलं नाही असं म्हणता येणार नाही, त्या काही खुळ्या नव्हत्या. यजमानांचं ते अर्धं राहिलेलं वाक्य कानात वाजलं. 'पाठवलंय' एवढा एक शब्द म्हटला असता तर सगळं निभावलं असतं. सरदार वाट बघत थांबले होते, राजासुद्धा थांबला होता.

तेवढ्यात मागून तितिलोलाचा आवाज आला. "बाई, पाठवलंय म्हणा ना!"

झालं! तिने सांगितलं म्हणजे संपलंच.

"स्वतः आले!" बाई कडाडल्या, शाळेत प्रार्थनेला कडाडायच्या तशा.

राजाने मान खाली घातली आणि तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. बाईंनी तो खाल्ला. गरम होता, मिठाचा होता, तेल हनुवटीवर आलं. त्यांनी पुसलंसुद्धा नाही. ढोल थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण तो ठेका वेगळाच होता, संथ. मोठा माणूस गेल्यावर वाजवतात तो. कारण त्या गावात तीनदा विचारल्यावरही 'स्वतः' म्हणून जो खातो, त्याच्याआधीचा धनी या जगात उरलेला नसतो.

बायकांनी डोक्यावरचे फेटे ओढून काढले. एकीने टाहो फोडला आणि मग सगळं अंगण उठलं ते थेट तितिलोलाच्या अंगावर. तिला मिठ्या मारत, तिच्या पायाशी लोळत बायका रडायला लागल्या. "अगं ते जिवंत आहेत!" तितिलोला ओरडत होती. "सकाळीच फोनवर बोलले माझ्याशी! सोडा मला!" पण कोण ऐकतंय? हंगामी गव्हर्नर स्वतः याम खाऊन बसल्या होत्या, याहून मोठा पुरावा तो कुठला?

आणि बाई? खुर्चीत एकट्या. त्यांच्याकडे एकही माणूस बघत नव्हता. हनुवटीवरचं तेल गार होत होतं, आणि त्यांच्या मनात एकच विचार आला, लाज वाटावी असा, पण आला. आजसुद्धा सगळे तिच्याचकडे!

अंधार पडायच्या आत राजधानीतला बाजार बंद झाला. रेडिओवर खुलासे झाले, तरी कोणी विश्वास ठेवेना. शेवटी बामिदेलेंनी दवाखान्याच्या पलंगावरून व्हिडिओ पाठवला, त्यात ते हात हलवत होते आणि शिव्या देत होते. तेव्हा कुठे लोकांनी फेटे पुन्हा बांधले. ते बरे होऊन परतले, आणि अबोसेदेबाईंनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा दिला. प्रकृती ठणठणीत होती, राज्यातल्या कोणाहीपेक्षा.

सरकारी बंगल्यात सामानाची बांधाबांध चालली होती तेव्हा तितिलोला आली. सायरन नाही, कॅमेरा नाही. तिने गुडघे टेकले नाहीत, हे बाईंच्या सगळ्यात आधी लक्षात आलं.

"बाई, एक सांगायला आले. माझ्या नवऱ्याला साखरेचं दुखणं आहे. लग्नाच्याही आधीपासून. यामला ते हातसुद्धा लावत नाहीत."

"मग इतकी वर्षं मी आणून दिला तो कोणी खाल्ला?"

"गेटवरच्या सुलेमानने. त्याला फार आवडतो."

बाई मटकन खोक्यावर बसल्या. कपड्यांवरचे ते डाग, ती जळजळ, ती सगळी वर्षं, आणि याम खाऊन ढेकर देणारा तो सुलेमान! क्षणभर त्यांना त्या सुलेमानचासुद्धा हेवा वाटला.

"हसायचं तर हस," त्या म्हणाल्या.

"मी हसायला नाही आले." तितिलोला म्हणाली. "त्या दिवशी इतक्या बायका रडत होत्या की शेवटी मलाच वाटायला लागलं, ते गेलेच असतील. माझा जीव जात होता हो. मी तुमच्याकडे बघितलं. म्हटलं, बाई आहेत, बाई धरतील मला. लहानपणी चक्कर येऊन पडले होते तेव्हा धरलं होतंत तसं. तर तुम्ही बघत होतात माझ्याकडे. काय होतं तुमच्या डोळ्यांत ते मला दिसलं, बाई. मी विधवा होत होते, आणि तुम्ही माझा हेवा करत होतात."

तितिलोला तशीच निघून गेली. बसा म्हणायचं या वेळी बाईंच्या हातात होतं, पण त्याही म्हणाल्या नाहीत.

नवीन डेप्युटी म्हणून एक तरुण वकील नेमला गेला, आणि बोळात बाईंचा फोटो लागला, चौथा.

पुढच्या सणाला बाई घरी टीव्हीसमोर बसल्या होत्या. यजमान शेजारी जेवत होते. पडद्यावर इदोसुनचं अंगण दिसलं, राजा दिसला, थोरले सरदार दिसले.

"पाठवलंय म्हणून आलात, की स्वतः आलात?"

"पाठवलंय म्हणून आलो," वकील हसून म्हणाला. त्याला पानात बांधलेला तुकडा मिळाला. ढोल आनंदाने घुमला, बायका नाचल्या, सगळ्या गावाने त्याला वाट करून दिली. तो निघाला, पुडा एका हातात धरून, दुसऱ्या हाताने लोकांना टाटा करत.

बाई एकदम पुढे सरकल्या. चेहरा लाल झाला होता.

"अरे मेल्या, दोन्ही हातांनी धर!"

यजमानांनी दचकून पाहिलं. टीव्हीकडे बघत बसलेल्या बाईंचे दोन्ही तळवे मांडीवर उघडे होते, काहीतरी सांडू नये म्हणून धरावेत तसे.

"बंद करू का?" त्यांनी विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "तो तिच्या दारात पोचेपर्यंत राहू दे."