माझ्या कोपऱ्यातला लाल ठसा

तळहाताएवढं, कोपरे झिजलेलं, बेसबॉलचं एक जुनं कार्ड आहे मी. माझ्या अंगावर दोन डाग आहेत. मित्रांनो, माझी हकीकत म्हणजे त्या दोन डागांचीच हकीकत.

माझा जन्म पात्याखाली झाला. एका मोठ्या कागदावर आम्ही भावंडं शेजारी शेजारी छापलेली होतो. वरून पातं कोसळलं आणि आमची ताटातूट झाली. माझ्या वाट्याला एक डावखुरा पिचर आला, चेंडू फेकायला हात उगारलेला. च्युइंगगमच्या वडीसोबत पाकिटात कोंबला जाऊन मी कॅनडातल्या लव्हाल शहरातल्या एका दुकानात आलो. तिथून मला शशिकांतने घरी नेलं.

त्याची आई जयंती डॉक्टर होती, नुकतीच कॅनडात आलेली. दसऱ्याला तिने पाटावर आपला स्टेथोस्कोप मांडला, शशिकांतची पुस्तकं मांडली. तो मला घेऊन आला.

"आई, हे पण ठेव."

"अरे, हे काय शस्त्र आहे?"

"शाळेत ह्याच्यावरूनच मारामाऱ्या होतात."

"मग शस्त्रच की," म्हणत ती हसली आणि ओल्या कुंकवात बुडवलेली अनामिका तिने माझ्या कोपऱ्यावर टेकवली. बोटाची रेष न् रेष उमटली. इतक्या मायेने मला तोवर कुणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शशिकांतने मला शाळेत नेलं. मुलं कार्डं भिंतीकडे फेकत. ज्याचं भिंतीच्या सर्वांत जवळ पडेल, तो जिंके. रेमी नावाचा थोराड मुलगा हरला.

"लाल घाण लावून जादू करतोस काय रे?" असं म्हणून त्याने मला उचललं. शशिकांतने त्याचं मनगट धरलं. पुढचं सांगताना माझा कागद अजून शहारतो. रेमीने त्याचं तोंड विटांवर आपटलं. पुन्हा आपटलं. पुढचा दात मातीत पडला. माझ्यावर मात्र रक्ताचा थेंबही उडाला नाही, कारण मी रेमीच्या दुसऱ्या मुठीत होतो.

रेमीने मला चिमट्याने सायकलच्या चाकालगतच्या दांडीला अडकवलं. चाक फिरलं की एकेक तार माझ्या तोंडावर बसायची. मोटारसायकलसारखा आवाज येतो म्हणून पोरं खूश. मित्रांनो, तो आवाज मार खाण्याचा होता. मग कंटाळून त्याने मला बेसमेंटमधल्या बुटांच्या खोक्यात टाकलं आणि तो विसरला.

वर्षं गेली. माझी भावंडं फाटली, भिजली, कचऱ्यात गेली. मी उरलो, म्हणून दुर्मिळ ठरलो. एक दिवस खोकं उघडलं गेलं, मला पारदर्शक डबी मिळाली आणि लिलावात जागा.

टोरांटोजवळच्या रिचमंड हिलला राहणारा शशिकांत तोवर पिकल्या केसांचा झाला होता. आई गेल्यापासून तो लिलावांमधली जुनी कार्डं बघत बसे. घरच्यांना वाटे, छंद आहे. एका संध्याकाळी स्क्रीनवर मी दिसलो. त्याने माझा कोपरा मोठा मोठा करत नेला आणि थांबला. तिथे आईचं बोट होतं. तिच्या स्पर्शाची दुसरी अशी खूण कुठेच उरली नव्हती.

"बाबा, बर्फ पडेल, गाडीला विंटर टायर्स तरी लावू दे," त्याच्यासोबत लिलावाला निघताना मुलगी गौरांगी म्हणाली.

"परत आल्यावर लाव."

लिलावाआधी कार्डं जवळून बघता येत. तिथल्या मुलीने मला डबीतून काढून काळ्या कापडावर ठेवलं. शशिकांत वाकला. मागून एक म्हातारा बोलला, "त्या डागाकडे बघू नका. रक्त आहे. माझंच कार्ड. ह्याच्यासाठी एका पोराचा दात पाडला होता मी."

शशिकांत सरळ झाला. "रक्त नाही. माझ्या आईचं बोट आहे ते."

रेमीने त्याला न्याहाळलं. "अच्छा, तू. दात छान बसवलाय."

"बाबा, डोन्ट," गौरांगी म्हणेपर्यंत ठोसा बसला होता. मग दुसरा. रेमी टेबलावर कोसळला, काच फुटली. शशिकांतने त्याची कॉलर धरून हात पुन्हा उगारला, अगदी माझ्या पिचरसारखा. रेमीच्या नाकातलं रक्त माझ्यावर ठिबकलं.

एरवी अर्धं इंग्रजीत बोलणाऱ्या गौरांगीने त्याला मागून घट्ट धरलं. "बाबा, आजीवर सांडतंय."

हात तिथेच थांबला.

रखवालदार धावत आला. रेमीने त्याला परत पाठवलं. नाकाला रुमाल लावून तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. ताजा डाग काळपट होत चालला होता. शेजारचा कुंकवाचा लालच होता.

"खरंच रक्त नव्हतं," तो म्हणाला. रक्ताने डागाळलेल्या मला आता लिलावात कोण उभं करणार? त्याने मला शशिकांतपुढे सरकवलं. "घे. तुझंच होतं."

पुढच्या दसऱ्याला गौरांगीने मला पाटावर आजीच्या स्टेथोस्कोपजवळ ठेवलं. शशिकांतने कुंकवात बोट बुडवलं, माझ्यापर्यंत आणलं. काळ्या डागापाशी ते अडखळलं.

"हे शस्त्र नाही," तो म्हणाला. मला पाटावरून उचलून त्याने आईच्या फोटोला टेकवून ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या वस्तू जपा, ओल लागू देऊ नका, कोपरे मोडू देऊ नका. पण त्याआधी आपले हात जपा. माझा एक डाग बोटाने लावलाय आणि दुसरा मुठीने. मूठही बोटांचीच असते.