रस्त्यावर चालेल

मित्रांनो, दुकानात शिरलात की मागच्या भिंतीला टेकलेला एक रुंद, काळाकुळकुळीत, कडेने फाटलेला टायर दिसतो ना, तो मी. नवे टायर येतात आणि जातात, मी मात्र तिथेच. कुणी विचारलं, हा भंगारात द्यायचा आहे का, तर मालक नुसती मान हलवतात. नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. रबर, काजळी आणि पोलादी तारा एकत्र करून तापलेल्या साच्यात दाबून मला घडवलं. साधे टायर कडक असतात, वर्षानुवर्षं निमूटपणे झिजतात. मी मऊ. तापलो की रस्त्याला असा चिकटायचो की भरधाव वळणावरही गाडीचा पाय घसरायचा नाही. रस्त्यावरही जायचं आणि शर्यतीच्या ट्रॅकवरही पळायचं, असा माझा दुहेरी संसार. त्यामुळे आपण कुणीतरी खास आहोत, ही हवा माझ्यात पहिल्यापासूनच होती. टायरच मी, हवा असायचीच.

माझी गाडी मालकांच्या लेकीची. ती टायरांच्या चळतीत लपाछपी खेळत वाढलेली. एका जागी दोन क्षण टिकायची नाही, म्हणून तिचे बाबा तिला भिंगरी म्हणत. मोठी होऊन नोकरीला लागली, जुनी गाडी घेतली आणि सुट्टीच्या दिवशी अंगाला ग्रीस फासून ती ट्रॅकजोगी केली. तिथे एक फेरी संपली की ती खाली उतरायची, माझ्यावर तळहात ठेवून मी किती तापलोय ते बघायची आणि म्हणायची, छान धरलंस रे आज. तेवढ्यावर मी आठवडाभर खूश.

बाबा कमी बोलणारे. त्यांचा सगळा कारभार एका शब्दावर होता, ‘चालेल’. भाजीत मीठ कमी पडलं, चालेल. भिंगरीचा वर्गात पहिला नंबर आला, चालेल. आई शेजारच्या शिवणवाल्या बाईंना सांगायची, ‘मला बघायला आले तेव्हाही हेच म्हणाले होते. मी अजून वाट बघतेय, आवडले की नुसतीच चालले ते कळायची.’ बाबा ऐकायचे आणि मिशीत हसायचे.

एकदा कामावरून येताना माझ्यात स्क्रू घुसला. बाबांनी मला उतरवलं, पकडीने स्क्रू ओढून काढला. भोक साफ केलं, आतली बाजू घासून खरखरीत केली, सोल्युशन लावलं आणि छत्रीच्या आकाराचा रबरी पॅच बसवला. छत्रीचा दांडा भोकात आणि छत्री आतून घट्ट चिकटलेली. मग हवा भरून पाण्यात बुडवलं. एकही बुडबुडा नाही. इतक्या मायेने पंक्चर काढलेलं मी पाहिलं नव्हतं. आपल्या लेकीचा टायर होता ना.

पण बाबांना एक गोष्ट ठाऊक होती. असा टायर रस्त्यावर खुशाल वापरावा, ट्रॅकवर नाही. तिथल्या वेगात आणि उष्णतेत पॅच कधी दगा देईल ते सांगता येत नाही. ट्रॅकचा दिवस पुढच्या आठवड्यात होता, म्हणून त्यांनी माझ्या जागी नवा टायर मागवून ठेवला. मागवला, पण कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात.

भिंगरी गाडी न्यायला आली. कुणीतरी आयत्या वेळी गळालं होतं आणि तिला ट्रॅकवर दुसऱ्याच दिवशीची जागा मिळाली होती. आईला तिने ते फोनवर कळवलं होतं. आनंदाच्या भरात तिला वाटलं, आईने बाबांना सांगितलंच असेल. आईला वाटलं होतं, लेक स्वतःच सांगेल. बाबा कुणाचं तरी चाक टाकीत बुडवून बुडबुडे शोधत ओणवे होते. ती दारातूनच म्हणाली,

‘बाबा, टायर चालेल ना?’

‘चालेल,’ बाबा म्हणाले. नजर पाण्यातच.

त्यांना वाटलं, ऑफिसला जातेय. तिला वाटलं, बाबांनी म्हटलंय म्हणजे ट्रॅकवरही. खोटं कुणीच बोललं नव्हतं, मित्रांनो. मी मधोमध उभा होतो आणि मला तोंड नव्हतं.

सकाळी पहिल्या फेऱ्या छान झाल्या. मग आत छत्रीची कड सुटली आणि हवा गुपचूप निघू लागली. लांबलचक वळणावर मी रिमखाली दुमडलो. जिला धरून ठेवायचं तिलाच मी सोडलं. गाडी गरकन फिरली आणि भिंगरीच्या बाजूने भिंतीवर आदळली.

त्याच दुपारी नवा टायर आला. दुकान बंद होतं, शिवणवाल्या बाईंनी तो उतरवून घेतला.

पुढचं मी आईच्या तोंडून ऐकलं. शिवणवाल्या बाईंजवळ बसून ती सांगत होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, पाय वाचलाय, चालेल ती. आईने हात जोडले. बाबांनी मात्र डॉक्टरांची बाही धरली.

‘कुठे चालेल?’

डॉक्टरांना काही कळेना. बाबांनी पुन्हा विचारलं, ‘कुठपर्यंत?’

तेव्हा ते हळूच म्हणाले, घरातल्या घरात. काठी घेऊन.

शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, चूक माझी, ट्रॅकचं मी बोललेच नाही. बाबा म्हणाले, मी विचारलं नाही. हे दोघांत एकदाच झालं. नंतर नाही.

बाबांनी पंक्चर काढणं सोडलं. चांगले, धडधाकट टायर ते परत पाठवत. नवीन घ्या, एवढंच म्हणत. एक दिवस शाळेतल्या बाई सायकल घेऊन आल्या. ट्यूबमध्ये बारीकसा काटा. बाबा त्यांनाही नाही म्हणाले. भिंगरी हल्ली दुकानात खुर्चीवर बसून असते. ती म्हणाली, ‘बाबा, सायकल आहे ती. काढा.’

त्यांनी काढलं. बाईंनी सहज विचारलं, चालेल ना आता? बाबा पाठ फिरवून फडक्याने हात पुसू लागले. मग खुर्चीतून भिंगरी म्हणाली, ‘शाळेत जाल, घरी याल, काही होणार नाही. फक्त उद्या एकदा हवा बघा.’

तेव्हापासून तसंच चाललंय. पंक्चर बाबा काढतात, गिऱ्हाइकाला ती सांगते. कुठे, किती, कशावर, सगळं. ती बोलत असते तोवर बाबा पाठमोरे उभे राहून हात पुसत राहतात. हात कधीच स्वच्छ झालेले असतात.

मित्रांनो, टायरमधली हवा बघत जा, पंक्चर काढलेला टायर घेऊन शर्यतीत उतरू नका. हे तुम्हाला कुठलाही टायर सांगेल. माझं मागणं थोडं निराळं आहे. घरातलं माणूस दारातून काही विचारेल, तेव्हा हातातलं काम ठेवा, मान वर करा आणि वाक्य पुरतं बोला. बुडबुडे नंतरही बघता येतात. दारातलं माणूस तेवढ्यात निघून जातं.