पाकिटावरची इंदुबाई

उत्तनच्या बसमधून स्वाती परब उतरली ती कुणाला काही न विचारता, बोंबलाच्या वासामागं चालत थेट मासळी सुकवायच्या खळ्यावर आली. ऊन डोक्यावर आलेलं. बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीनं जबड्यात जबडा अडकवून लोंबत होते आणि वरून उत्तरेचा वारा त्यांना कडक करत होता. इंदुबाई दोरीखाली टोपलं घेऊन उकिडवी बसली होती. स्वातीनं पिशवीतून एक चकचकीत पाकीट काढलं आणि तिच्या पुढ्यात टाकलं.

“घ्या मावशी तुमचं तुम्हालाच. आमचे सासरे दोन दिवस आजारी आहेत हे खाऊन.”

इंदुबाईनं पाकीट उचललं. त्यावर तिचाच फोटो. नाकात नथ, केसात अबोलीचा वळेसर, मागं हीच दोरी, हेच बोंबील. खाली मोठ्या अक्षरात ‘इंदूआईचे बोंबील’. तिनं पाकिटात हात घातला, एक बोंबील मोडून बघितला. मोडला नाही, वाकला. नाकाशी नेला आणि तिचं तोंडच वाकडं झालं. वरून मीठ खरवडून निघत होतं आणि आतून ओला, आंबूस.

“ह्यो माजा माल न्हाय,” ती म्हणाली.

“मग फोटो कुणाचा आहे?”

“फोटो माजाच हाय.”

“तेच म्हणते मी.” स्वातीचा आवाज चढला. शेजारच्या दोरीवर बोंबील लावणारी नोरा हातातलं काम टाकून बघायला लागली. “मी लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हापासून तुमच्या पाटीतलं खातेय. माझी आई मालवणची, तिला तुमचा बोंबील आवडायचा, काय समजलात? तुम्ही माझ्या उंबऱ्यात उभं राहून सुनेच्या डोक्यावर पाटी ठेवलीत. म्हणालात, हिचं तोंड ते माझं तोंड. मी तुमच्या शब्दावर घेत राहिले. बसमध्ये स्वतःला समजावत आले की भांडायचं नाही. पण मावशी, मी भांडायलाच आलेय.”

इंदुबाईनं तिला पाणी विचारलं. स्वातीनं घेतलं नाही. आली तशी निघून गेली.

आता ही पाटी ठेवायची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर इंदुबाई एवढी का हादरली ते बाहेरच्याला कळायचं नाही. आपल्या कोळणींची इस्टेट म्हणजे काय, तर गिऱ्हाइकांची दारं. कुणाची मोरव्यातली, कुणाची काशीगावातली. इंदुबाईची भाईंदर पूर्वेची, नवघर रोडच्या बिल्डिंगींमधली. तिथं चाळी होत्या तेव्हा तिच्या सासूनं तिला फिरवली होती. म्हातारी थकली की सुनेला घेऊन एकेका दारात जाते, आपल्या डोक्यावरची पाटी आपल्या हातानं सुनेच्या डोक्यावर ठेवते आणि म्हणते, “आजपासून ही माझ्या जागी. हिचं तोंड ते माझं तोंड.” एकदा हा शब्द गेला की म्हातारीनं पुन्हा त्या दारात पाटी घेऊन जायचं नाही. गेली तर लोक म्हणणार, बाईनं आपली थुंकी आपणच गिळली. कागद नाही, सही नाही, पण आजवर कुणी मोडलं नव्हतं.

इंदुबाईनं आपल्या सुनेला, पूर्वीला, जागा दिली ती काही गुडघे दुखत होते म्हणून नव्हे. गुडघे तर कधीचेच दुखत होते. दिली ती कौतुकानं. सून हुशार. भाईंदर पूर्वेला एका हॉलमध्ये बायकांसाठी उद्योजकतेचा वर्ग निघाला होता, तिथं पूर्वी नेमानं जायची आणि घरी येऊन धडा म्हणून दाखवायची. पहाटे उठा. गिऱ्हाइकाचं नाव लक्षात ठेवा. जोखमीला घाबरू नका. इंदुबाई भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, “ह्यातलं आर्धं मी करतेच हाय गो, आन आर्धं मना कलत न्हाय.” पण मनातून फुगलेली असायची. खळ्यावर येऊन नोराला सांगायची, “माजी सून मोठी हुनार हाय बघ.”

आणि पोरगी खरंच कामाची होती, खोटं कशाला बोला. पहाटे उठायची, फोनवर गोड बोलायची, कोणाला काटा काढलेला लागतो, कोणाला डोक्यासकट, सगळं ध्यानात ठेवायची. पाकिटं काढली, त्यावर सासूचा फोटो लावला, तेव्हा इंदुबाई लाजून लाल झाली होती. दोन महिने तर तिनं ते रिकामं पाकीट देव्हाऱ्याशेजारी ठेवलं होतं. पूर्वेला एक गाळा भाड्यानं घेतला. इंदुबाई माल वाळवायची, मुलगा परेश टेम्पोतून न्यायचा. पुढं काय होतं ते बघायला ती कधी गेली नाही. कशाला जाईल? जागा दिली होती.

त्या दिवशी संध्याकाळी इंदुबाई घरी आली तेव्हा तिचा नवरा दगडू ओट्यावर जाळं विणत बसला होता. परेश आणि पूर्वी नुकतेच आले होते. इंदुबाईनं पाकीट मधोमध ठेवलं.

“ह्या मासलीनं कोनाच्या हातचं पानी प्यालंय?”

पूर्वी दचकली नाही. ती सवयही वर्गात शिकवत असतील. शांतपणे म्हणाली, “गुजरातचा माल आहे, आई. ट्रक येतो ना, त्यातला. एखादा लॉट ओला निघाला असेल. मी त्या कस्टमरला रिफंड देते.”

“आन माजा माल? तो कुटं जातो मंग?”

“तुझा माल हॉटेलवाल्यांना जातो. ते भाव जास्त देतात. आई, तू समजून घे ना. ऑर्डरी एवढ्या येतायत, तुझ्या दोऱ्यांवर किती सुकणार? वर्गातले सर म्हणतात, मागणी आली की नाही म्हणायचं नाही. आणि गुजरातचा माल सगळा बाजार विकतोय. कोण बोलून दाखवतं?”

“बोलत न्हाईत, पन त्यावं माजं थोबाड बी लावत न्हाईत.”

पूर्वीनं पाकीट उचलून बाजूला ठेवलं. इंदुबाईला वाटलं, आता तरी काही बोलेल. एवढं जरी म्हणाली असती की आई, चुकले, तर ही बाई तिथंच विरघळली असती. आपल्या माणसाला माफ करायला तिला निमित्त पुरत असे.

“तुमच्या सरानं हे न्हाय शिकवलं,” इंदुबाई म्हणाली, “का ज्या दारात माल दिला त्या दारात आठ दिसांनी परत उभं रावाचं आस्तं? मासली कशी लागली म्हून इचारायचं आस्तं? मी सगल्या जनमात एवढाच धंदा शिकले.”

“दारावर कोण जातं आता? डिलिव्हरीवाला जातो.”

इंदुबाई परेशकडे वळली. हा तिच्या पोटचा. लहानपणी ताप आला तर पाटीत निजवून हा पोरगा तिनं दारोदार नेलेला.

“तुना ठावं व्हतं?”

परेश फोनकडं बघत म्हणाला, “टेम्पो मीच चालवतो ना, आई.”

मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. दगडूनं जाळ्यातून मान वर केली नाही. “मी म्हटलं, घरात उगा कटकट नको. झाकली मूठ बरी.”

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. एकटी तीच आंधळी, रोज उन्हात बसून ज्या मासळीला जीव लावत होती ती भलतीकडंच जात होती, आणि दारात तिच्या हसऱ्या तोंडाखाली सडका माल पोचत होता. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. पण कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते असं. गळा कापला तो केसानं, आणि केस आपल्याच डोक्याचा.

“माजा फोटो काढून टाक,” ती म्हणाली.

“पाकिटं छापून झालीत, आई. आणि फोटो काढला तर राहिलं काय? लोक तुझं तोंड बघूनच तर घेतात.” पूर्वी जरा थांबली आणि मग सहज बोलावं तसं बोलून गेली, “तूच म्हणालेलीस ना, आजपासून ही माझ्या जागी. मग आता धंदा कसा करायचा ते मला ठरवू दे.”

इंदुबाईचाच शब्द तिच्या तोंडावर आपटला होता. ती जेवली नाही, आणि तिला कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

सकाळी तिनं माळ्यावरची जुनी पाटी काढली, धुतली आणि खळ्यावर आणली. दोरीवरचे कडकडीत बोंबील उतरवून भरायला लागली तसं नोराला कळलं.

“इंदू, जागा दिली तिथं पाटी नेशील? मानसं काय बोलतील?”

“काय बोलायचं तं बोलू दे.”

“सासूचा शब्द हाय तो. आजवर कोनी मोडला न्हाय.”

“आजवर कोनी मासलीवं सासूचं तोंड बी छापलं नव्हतं,” इंदुबाई म्हणाली. “मी शब्द परत आनायला चाललेय, नोरा. मिलाला तं मिलाला.”

नोरानं पाटी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.

बसनं भाईंदर, मग पूल ओलांडून पूर्वेला. पाटी तीच, पण गुडघे ते नव्हते. पहिलं दार स्वातीचं. स्वातीनं दार उघडलं आणि जाळीआडूनच उभी राहिली.

“बाई, मी तुला सांगितलं व्हतं, हिचं तोंड ते माजं तोंड,” इंदुबाई म्हणाली. “तो शब्द मी परत घेते. तुज्या सासऱ्यापुढं मना उभी कर, मी त्यांच्या पाया पडते.”

स्वातीनं जाळी उघडली. “पाया बिया पडू नका. माझा राग गेला नाहीये, मावशी.” पण तिनं पाटीतला एक बोंबील घेतला, मोडला. तो काटकन मोडला. “ठेवा थोडे,” ती म्हणाली, आणि आतून टोपली आणायला गेली.

सगळी दारं अशी नव्हती. एका दारात म्हातारा म्हणाला, “अब तो फोन पे आता है, माई, ऊपर चढने की तकलीफ क्यूं करती हो.” एकीनं सांगितलं, वास येतो खरा, पण स्वस्त पडतं, आणि तळल्यावर काय कळतंय. ते ऐकून इंदुबाई जिन्यातच थोडा वेळ बसली. माल वाईट आहे हे माहीत असून माणूस घेतो, ह्यावर काय बोलायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन जुन्या घरांनी मात्र तिचे बोंबील घेतले. एका बंगाली म्हातारीनं तिला आत बसवून चहा पाजला.

शेवटचं दार एका नव्या पोरीचं. उघडल्या उघडल्या तिचे डोळे मोठे झाले.

“अरे, आप तो पैकेटवाली आई हो.”

“वो मेरा मच्छी नहीं है, बेटी,” इंदुबाई आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. “वो लेना मत. मेरा मच्छी ये है.”

पोरगी हसायला लागली. “कितनी स्वीट हैं आप. रुको, रुको, एक फोटो.” तिनं इंदुबाईच्या गळ्यात हात टाकला, पाटी दिसेल असा फोन धरला. इंदुबाई सांगतच होती, हे घे, मोडून बघ, वास घेऊन बघ. पोरगी फोनमध्ये बोटं फिरवत म्हणाली, “नहीं आई, मेरा तो ऑर्डर चालू है ना. मैं हर हफ्ते आपसे ही तो लेती हूं.”

दार लागलं. अर्धीअधिक पाटी तशीच भरलेली.

परतीच्या बसमध्ये फोन वाजला. पूर्वीचा. इंदुबाईला वाटलं, आता पोरगी भांडणार. तिनं मनाची तयारी करून फोन कानाला लावला. पण पूर्वीच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

“आई, तू पूर्वेला गेलेलीस? सांगायचं तरी. अगं, त्या बाईनं तुझा फोटो टाकलाय. इंदूआई स्वतः माझ्या दारात आल्या, असं लिहिलंय. तासाभरापासून ऑर्डरी थांबत नाहीयेत. सर पण खूश झाले, म्हणाले ह्याला म्हणतात कल्पना. आई, दर आठवड्याला अशी फिरशील का? पाटी हलकी ठेवू, जड नको. मी तुला नवीन लुगडं घेते.”

त्या आवाजात कावा नव्हता. खरंच तिला वाटत होतं की सासू मदतीला धावून आली. तेच इंदुबाईला जास्त लागलं. ठरवून वार करणाऱ्याचा हात धरता येतो, हिचा कुठं धरायचा? तिनं फोन बंद केला आणि डोळ्याला पदर लावला. शेजारच्या बाईनं विचारलं तर म्हणाली, मिठाचा हात लागला.

खळ्यावर ती पोचली तेव्हा दर्यावरून ताजी मासळी आली होती. नोरा आपल्या आणि तिच्या, दोघींच्या वाट्याचे ओले बोंबील धुवून बसली होती. इंदुबाईनं पाटी खाली ठेवली.

“आजपासून माजा माल परेशच्या टेम्पोत जायचा न्हाय,” ती म्हणाली. “तुज्या पडवीत ठेवू दे.”

“ठेव. किती घरं परत मिलाली?”

“तीन.”

“आन बाकीची?”

इंदुबाईनं पदर खोचला, दोरी हातानं ताणून बघितली.

“बाकीची म्हंतात, आमी तुज्याकडूनच घेतो.”

नोरा हसली नाही. तिनं ओल्या बोंबलांचं टोपलं मधे सरकवलं आणि दोघी दोरीला लागल्या.