दोन नंबरचं पेन

मानवजातीची सगळी प्रगती शेवटी एका गोळीवर उभी आहे, आणि ती गोळी बंदुकीची नसून बॉलपेनच्या टोकातली आहे, असं थोरल्यांनी कारखान्याच्या चाचणी-खोलीत खणखणीत आवाजात जाहीर केलं. क्षणभर सगळे गंभीर झाले. मग शाईवाल्या बाई म्हणाल्या, "थोरले, खालच्या ओठाला निळं लागलंय."

लागणारच होतं. पेन मागून चावून बघितल्याशिवाय पास करायचं नाही, असा थोरल्यांचा नियमच होता. गिऱ्हाईक विचार करताना पेन चावतं, हे त्यांच्याआधी कारखान्यात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. डोक्यात आल्यावरही चावायला दुसरं कोणी पुढे आलं नाही, तो भाग वेगळा. बाकी माणूस कामाचा पक्का. रात्रभर उघडं ठेवलेलं पेन सकाळी पहिल्याच रेघेला उठतं का, वळणावर शाईची गुठळी सोडतं का, पान भरल्यावर बोटं कुरकुरतात का, हे सगळं ते बघायचे. मधल्या बोटाला घट्टा पडला होता. नवीन माणूस आला की ते आधी घट्टा दाखवायचे, मग स्वतःचं पद सांगायचे. मुख्य पारखी म्हणून खिडकीजवळची खुर्ची त्यांची होती. डावीकडून उजेड, हाताची सावली कागदावर नाही. राजाला सिंहासन काय सुख देत असेल!

या सुखात विघ्न आलं ते सासुरवाडीकडून.

डावखुऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या होत्या. डावखुऱ्याचा हात लिहिलेल्या ओळीवरून सरकतो, शाई ओली असली की तळवा निळा आणि कागद मळका. साहेबांना एक डावखुरा पारखी हवा होता. थोरल्यांच्या बायकोने ही बातमी ऐकली आणि म्हणाली, "अहो, आपले भावोजी आहेत की! जन्माचे डावरे. तुमचा शब्द टाका ना." भावोजी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, थोरल्यांचा साडू. थोरल्यांनी शब्द टाकला. माणसाने आयुष्यात जपून टाकायच्या ज्या वस्तू असतात, त्यात शब्द फार वर येतो.

साडू कामावर आले. कारखान्याने त्यांना लगेच 'धाकटे' करून टाकलं, आणि त्यासोबत यांना 'थोरले'. तोवर थोरल्यांना सगळे 'सर' म्हणायचे. पहिला घाव तो.

दुसरा घाव असा, की धाकटे सगळ्यांना आवडले. ते पेन चावत नसत. लिहिताना गुणगुणायचे, आणि पेन आवडलं की "वा, काय चालतंय!" असं म्हणून शेजाऱ्याला द्यायचे. एका लांब टेबलाशी दोघं शेजारी बसत. यांचा उजवा कोपर आणि त्यांचा डावा कोपर दिवसभर एकमेकांना भेटत. दर वेळी धाकटे "सॉरी हं, साडूभाऊ" म्हणत. थोरल्यांच्या मते ही सॉरीसुद्धा आगाऊपणाची होती.

तिसरा घाव घरात बसला. थोरल्यांची बायको वाणसामानाची यादी करत होती. तिच्या हातात एक अनोळखी पेन होतं.

"हे कुठलं?"

"भावोजींनी दिलं. नमुन्याचं आहे म्हणाले. बघा तरी, लिहिलं की लगेच वाळतं. हाताला डागच नाही."

"आणि मी इतकी वर्षं आणतोय ती?"

"ती आहेत ना डब्यात. पण सगळ्यांना मागे दात लागलेले, कोणासमोर काढायची लाज वाटते."

बायको झोपल्यावर थोरल्यांनी ते पेन घेऊन एक ओळ लिहिली, बोट फिरवलं, डाग पडला नाही. मग जोरात फिरवलं. तरी पडला नाही. त्यांना आतून फार वाईट वाटलं.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी खोलीत येऊन फर्मान काढलं. रोजच्या वापराचं नवीन पेन काढायचं आहे. शाईचे दोन नमुने तयार आहेत. एक थोरल्यांनी सुचवलेला, दाट आणि लोण्यासारखा चालणारा, दुसरा धाकट्यांनी सुचवलेला, झटकन वाळणारा. दोन्ही एकसारख्या पांढऱ्या पेनांत भरलेले. कुठलं कोणाचं, ते फक्त शाईवाल्या बाईंना ठाऊक.

"दोघांनी दोन्ही तपासायची," साहेब म्हणाले. "जे दोघांकडून पास होईल, ते बाजारात जाईल. आणि ज्याची शाई बाजारात जाईल, तो यापुढे मुख्य पारखी. खिडकीची खुर्ची त्याची."

धाकटे हसून म्हणाले, "साहेब, खुर्चीचं काय एवढं!"

खुर्चीचं काय एवढं! थोरल्यांनी पेन उचललं.

एक नंबर चाललं. नीट चाललं, जरा कोरडं, पाहुण्याशी बोलावं तसं. मग दोन नंबर घेतलं, आणि थोरल्यांचा हात कागदावर असा निघाला की त्याला थांबायचीच इच्छा होईना. गोल वळणं, लांब वेलांट्या, कुठे गुठळी नाही, बोटांना ताण नाही. घट्टासुद्धा सुखावला. इतक्या वर्षांच्या अनुभवाने हात स्वच्छ सांगत होता, की हेच.

पण नेमक्या त्याच वेळी त्यांनी शेजारी पाहिलं. धाकट्यांच्याही हातात दोन नंबर होतं. डोळे मिटलेले, मान डोलतेय, गुणगुणणं चालू. स्वतःच्या शाईवाचून माणूस कोणाच्या शाईवर असा लाडात येईल? थोरले स्वतः तर कधीच आले नसते. त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. दोन नंबर धाकट्यांचं! हात काय, हात फितूर झाला होता.

थोरल्यांनी धाकट्यांचा चेहरा बारकाईने वाचला. कागदावर टेकलेला त्यांचा तळवा मात्र पाहायचा राहिला.

"बोला, थोरले," साहेब म्हणाले.

"एक नंबर उत्तम! संयमी शाई आहे. पास, डोळे मिटून पास."

"आणि दोन?"

"भिकार." थोरल्यांना बोलताना मजा यायला लागली. "घसरतं. उतावीळ आहे. अशा पेनाने सही केली तर बँक परत पाठवील. नापास!"

शाईवाल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नक्की ना, थोरले? वाटलं तर परत एकदा लिहून बघा."

"बाई, हा घट्टा काय उगाच आहे?"

"धाकटे, तुमचं?"

"एक नंबर बरं आहे, पास करा. थोडं कोरडं वाटतं." धाकट्यांनी दोन नंबर उचलून उजेडात धरलं. "पण हे! साहेब, हे म्हणजे कमाल आहे. मला तर खाली ठेवावंसंच वाटेना. पास."

"म्हणजे दोघांकडून पास फक्त एक," साहेब म्हणाले. "बाई, एक नंबर कोणाचं?"

"धाकट्यांचं," बाई म्हणाल्या. "दोन नंबर थोरल्यांचं होतं."

थोरल्यांना वाटलं, आपण काहीतरी म्हणायला हवं. पण म्हणणार काय? 'मला आवडलं होतं' असं म्हटलं, तर 'मग नापास का केलं?' हा प्रश्न पुढे उभाच.

धाकट्यांनी तळवा वर केला. करंगळीपासून मनगटापर्यंत निळा पट्टा. "मला वाटलंच होतं हो, साडूभाऊ! तुमच्याच शाईचा डाग पडतो असा. पण म्हटलं, पडू दे, धुतला की जातो. लिहायचं सुख बघा ना! तुम्ही स्वतःच्या मालालासुद्धा सोडत नाही, कमाल आहे बुवा. असा निःपक्षपाती माणूस मी पाहिला नाही."

हा घाव कितवा, ते थोरल्यांनी मोजणं सोडून दिलं.

साहेबही भारावले. "खरं आहे. पण नियम म्हणजे नियम. धाकटे, तुम्ही खिडकीजवळ या."

"नको साहेब. तिथे उजेड डावीकडून येतो, माझ्या हाताची सावली माझ्याच अक्षरावर पडते. आहे तिथेच मला सोयीचं आहे. मुख्य पारखी म्हणून नाव लावा हवं तर, खुर्ची राहू दे त्यांनाच."

म्हणजे ज्या खुर्चीपायी थोरल्यांची झोप उडाली होती, ती धाकट्यांना फुकटसुद्धा नको होती. थोरले आपल्या खुर्चीवर बसले. ती पहिल्यासारखीच मऊ होती, आणि त्यामुळेच बसवत नव्हती.

साहेबांनी निकालाचा कागद पुढे सरकवला. "दोघांच्या सह्या."

धाकट्यांनी ऐटीत सही ठोकली आणि कागद इकडे दिला. थोरल्यांनी खिशातून आपलं जुनं, मागे दात उमटलेलं पेन काढलं. टेकवलं. उमटेना. झटकलं, फुंकर मारली, कागदाच्या कोपऱ्यात गोल गोल फिरवलं. नुसते खड्डे पडले.

टेबलावर एक नंबर होतं आणि दोन नंबर होतं. दोन्हींकडे त्यांना बघवेना. शेवटी ते बाईंकडे वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले,

"बाई, एखादी पेन्सिल असेल का हो?"